लंडनच्या कामगारवस्तीतील लॅव्हेंडर

लॅव्हेंडर हे नाव आपल्या घरांत फुलामुळे आले नाही, डब्यामुळे आले. आहेरात आलेला यार्डलीच्या पावडरचा डबा, साबणाच्या वेष्टनावरचे जांभळे चित्र आणि अलीकडे फरशी पुसण्याच्या औषधाची बाटली, एवढीच या फुलाची व आपली ओळख. यार्डलीचे ते फुलवाल्या बाईचे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. फ्रान्सिस व्हीटली या अठराव्या शतकातील चित्रकाराचे हे जुने चित्र कंपनीने १९१३ साली आपल्या मालासाठी घेतले. मूळ चित्रातील बाई प्रिमरोझ नावाची फिकट पिवळी फुले विकते. कंपनीने तिच्या टोपलीतली फुले काढून लॅव्हेंडर भरले, बाई मात्र तीच ठेवली.

२०२३ च्या जुलै महिन्यात आम्ही उभयता तीन आठवडे दक्षिण लंडनमध्ये राहून आलो. आमची भाची तिकडे एका सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. तिकीट तिने काढले, रजा आम्ही साठवली. राजवाडा, नदीवरचा पूल, मोठे घड्याळ हे सर्व दोन दिवसांत पाहून झाले. त्याविषयी आजवर पुष्कळांनी लिहिले आहे. आम्ही लिहिणार आहोत ते भाची राहते त्या वस्तीबद्दल आणि तेथे दारोदार दिसणाऱ्या एका झुडपाबद्दल.

भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनने दक्षिणेकडे अगदी शेवटपर्यंत गेले की मॉर्डन स्थानक लागते. तेथून बसने थोड्या वेळात सेंट हेलियर वस्ती. एकमेकांना खेटून बांधलेली विटांची दुमजली घरे, मध्ये मध्ये हिरवळीचे तुकडे आणि जुनी झाडे. रस्त्यांना इंग्लंडमधील जुन्या मठांची नावे दिली आहेत, आणि तीही वर्णाक्षरांच्या क्रमाने. एका टोकाला 'ए'ची नावे आणि तिथून पुढे ओळीने. आम्हा कारकून मंडळींना ही व्यवस्था फार पसंत पडली. फायली लावाव्यात तसे रस्ते लावलेले. नाव कळले की घर वस्तीच्या कोणत्या अंगाला असेल याचा अंदाज येतो. प्रत्येक घरापुढे चार पावलांची बाग व मागे लांबट परसू. भाचीने दोघी मैत्रिणींबरोबर असेच एक घर भाड्याने घेतले आहे.

शेजारच्या घरी एक इंग्रज आजी एकट्या राहतात. त्यांच्या फाटकापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंनी लॅव्हेंडर लावलेले आहे. गुडघ्याएवढे झुडूप, राखाडी हिरवी, बारीक, सुईसारखी पाने, आणि वर वीतभर दांड्यांवर जांभळी कणसे. दुरून पाहिले तर पाटावर कोणी जांभळी शाल पसरली आहे असे वाटते. आमच्या सौभाग्यवतींनी एक कणीस तळहातावर चुरडून वास घेतला व म्हणाल्या, "पावडरसारखा नाही हो." खरेच नव्हता. डब्यातला वास गोड असतो. झाडाचा त्याहून कोरडा, किंचित कडवट, कापराच्या जवळ जाणारा. आणि झुडपावर केसाळ भुंग्यांची ही गर्दी! मधमाशाही होत्या, पण भुंगेच अधिक. या फुलाची नळी लांब असते. भुंग्याची जीभ लांब, त्यामुळे मधमाशीपेक्षा त्याचे काम झटपट उरकते. जाणारा-येणारा त्यांना हात लावत नाही व तेही कोणाला काही करीत नाहीत.

आता हे झुडूप इथेच एवढे का, ते सांगितले पाहिजे. 'इंग्लिश लॅव्हेंडर' असे नाव असले तरी हे झाड मूळचे इंग्लंडचे नाही, भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांचे आहे. परंतु लंडनच्या दक्षिणेस मिचम नावाचे खेडे होते (आता ते शहरातच आहे), तेथील निचऱ्याची जमीन त्याला मानवली. अठराव्या शतकात मिचममध्ये औषधी व सुगंधी वनस्पतींची शेती वाढली: लॅव्हेंडर, पेपरमिंट, कॅमोमाइल, गुलाब. पॉटर व मूर या दोघांची अर्क काढणारी पेढी १७४९ सालची. पुढे मिचमपासून कार्शल्टन, वॉलिंग्टन, सटनपर्यंत उन्हाळ्यात जांभळे पट्टे दिसत. वॉलिंग्टनच्या सारा स्प्रूल्स या बाई स्वतः लॅव्हेंडरचा अर्क काढीत; १८८६ साली त्यांना व्हिक्टोरिया राणीला अर्क पुरविण्याचा मान मिळाला. हे नाव तिकडच्या लोकांच्या तोंडी अजून आहे.

राणीच्या अर्काची अशी नोंद राहिली, पण रानात वाकून विळ्याने कणसे कापणाऱ्या बायामाणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. काम हंगामी, मजुरी रोजावर, वर मधमाशांचा प्रसाद. लंडनच्या गल्ल्यांतून लॅव्हेंडरच्या जुड्या विकणाऱ्या बायकांची गोष्ट त्याहून वेगळी नाही. त्यांत पुष्कळशा भटक्या जिप्सी समाजातील असत. पहाटे निघायचे, पेनीला किती जुड्या ते गाण्याच्या चालीवर ओरडत सांगायचे आणि संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन परतायचे. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५१ मध्ये लंडनच्या रस्त्यावर पोट भरणाऱ्या गरिबांवर मोठे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात फुलवाल्यांची ही दुनिया सविस्तर आली आहे. त्यांच्या आरोळीची चाल व्हॉन विल्यम्स या संगीतकाराने १९१४ साली पहिल्यांदा वाजविल्या गेलेल्या आपल्या लंडनवरील रचनेत घेतली. आरोळी नाट्यगृहात पोचली. ओरडणारीला तिकीट परवडले असते काय, हा प्रश्न आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

ही शेती बुडाली कशी, याची कारणे तीन. एक, झाडांवर बुरशीचा रोग पडला आणि फांद्याच्या फांद्या वाळू लागल्या. दोन, फ्रान्सचे तेल स्वस्त मिळू लागले. आणि तीन, शहर वाढत वाढत शेताच्या बांधावर आले. १९२६ साली मॉर्डनपर्यंत भुयारी रेल्वे पोचली. १९२८ ते १९३६ या काळात लंडन कौंटी कौन्सिलने इथल्या ८०० हून अधिक एकरांवर, ज्यात लॅव्हेंडरची शेतेही होती, सुमारे ९,००० घरे बांधली. तीच ही सेंट हेलियर वस्ती. शहराच्या मध्यभागातील कोंदट, गलिच्छ वस्त्यांतील कामगार कुटुंबांना उजेडात राहता यावे हा हेतू.

लॅव्हेंडरवर लिहिणारे पुष्कळजण येथे हळहळतात. जांभळी शेते गेली, विटा आल्या, असा त्यांचा सूर असतो. आम्हाला तो सूर पटत नाही. एका खोलीत आठ माणसे राहत होती त्यांना नळ, न्हाणीघर, दोन-तीन खोल्या आणि पुढेमागे माती मिळाली, यात हळहळण्यासारखे काय आहे? अर्थात सगळे गोड नव्हते. भाडे व कामावर जाण्यायेण्याचा खर्च मिळून इतका होई की अगदी तळच्या कुटुंबाला ही घरे परवडत नसत. हातात कायमची मजुरी असलेला कामगारच इथे येऊ शके. तरीही आमच्या सौभाग्यवतींना ही हकीकत सांगितली तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. त्यांचे माहेर नायगावच्या बीडीडी चाळीतले. त्याही चाळी त्याच दशकातल्या, त्याच इंग्रजांच्या राज्यातल्या, आणि कामगारांसाठीच बांधलेल्या. तेथे एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली व मजल्यावर सामायिक संडास. "आईने खिडकीच्या गजाला डालड्याचा डबा बांधून मोगरा लावला होता," एवढेच त्या म्हणाल्या. आमच्या बी. कॉम.च्या डोक्याला हा ताळेबंद जुळवता आला नाही.

कौन्सिलने घराबरोबर नियमही दिले. पुढची बाग नीट ठेवलीच पाहिजे, हा भाडेकरूवर दंडक. चांगल्या बागांना बक्षिसे असत. शेजारच्या आजींचे वडील गोदीत हमाल होते. त्यांनी जन्मात कधी फावडे धरले ते फक्त जहाजावर. या घरी आल्यावर ते शेजाऱ्याचे पाहून बाग शिकले. दारातले लॅव्हेंडर मात्र आईने लावले. आजी आम्हाला म्हणाल्या, "आईचे झाड केव्हाच गेले. हे त्याच्या पोराचे पोर." लॅव्हेंडर दहा-पंधरा वर्षांत म्हातारे होते, बुंधा लाकडासारखा होतो, मधून फाटते. म्हणून ते मरण्याआधीच त्याच्या फांद्या लावून नवे करून घ्यायचे. या परिसरात शेतातून लॅव्हेंडर संपले, परंतु दारात व परसात अशा पोराच्या पोरांनी ते चालू राहिले.

याचा उपयोग साठ वर्षांनी झाला. १९९६ साली बायोरीजनल नावाच्या पर्यावरण संस्थेने कार्शल्टन येथे लॅव्हेंडरची शेती पुन्हा उभी करायचे ठरवले. त्यासाठी त्यांनी परिसरातील लोकांना हाक दिली: तुमच्या बागेत लॅव्हेंडर असेल तर त्याच्या फांद्या आम्हाला द्या. लोकांनी दिल्या. जवळच डाउनव्ह्यू नावाचा तुरुंग आहे. तेथील कैद्यांनी त्या फांद्यांची छाट कलमे करून रोपे वाढवली. आणि ती रोपे लावली पडीक अलॉटमेंटच्या जागेवर.

अलॉटमेंट म्हणजे काय, तेही सांगतो, कारण ही गोष्ट आपल्याकडे नाही. ज्याच्याजवळ जमीन नाही अशा शहरी माणसाला भाजीपाला पिकविण्यासाठी स्थानिक कौन्सिल नाममात्र वार्षिक भाड्याने जमिनीचा तुकडा देते. १९०८ च्या कायद्याने मागणी असल्यास असे तुकडे उपलब्ध करून देण्याची जबाबदारी कौन्सिलवर आली. जुन्या मापाने एक पूर्ण तुकडा १० रॉड, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर, आपल्या २,७०० चौरस फुटांच्या आसपास. त्यात लोक बटाटा, वाल, कांदा लावतात, पत्र्याची शेड टाकून चहा पीत बसतात. जमीन कोणाच्या मालकीची न होता कष्टकऱ्याच्या हाती कशी देता येते याचा हा नमुना आम्हाला राजवाड्यापेक्षा जास्त पाहण्यासारखा वाटला.

कार्शल्टनचे हे शेत सुमारे ३ एकरांचे आहे व स्वयंसेवक ते चालवितात. जुलै अखेरच्या एका शनिवार-रविवारी ते सर्वांसाठी खुले असते. भाचीची रात्रपाळी संपली होती. न झोपता ती आम्हाला घेऊन निघाली. कार्शल्टन बीचेस स्थानकापासून चढाच्या रस्त्याने चालत गेलो. घरांच्या मागे, बाहेरून पत्ता लागणार नाही अशा ठिकाणी एकदम जांभळा उतार. पायाखालच्या मातीत पांढरे खडे दिसत होते. या सगळ्या डोंगराच्या पोटात खडूचा दगड आहे. पाणी थांबत नाही व माती चुनखडीची, दोन्ही लॅव्हेंडरला हवे तसे. लोक कात्री घेऊन ओळींतून वाकले होते, कापलेल्या जुडीचे पैसे देत होते. एका कडेला भट्टी लावली होती. पातेल्यात कणसे भरतात, खालून वाफ सोडतात, ती वाफ तेल घेऊन नळीतून जाते, थंड होते आणि पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगतो. कनोजच्या अत्तरवाल्यांची रीत ज्यांनी ऐकली असेल त्यांना ही नवी वाटणार नाही. भाची एका ओळीच्या टोकाला गवतावर बसली ती तिथेच झोपली. तिला आम्ही तासभर उठवले नाही.

बॅन्स्टेडजवळ २५ एकरांचे मोठे व्यापारी शेतही आहे. तेथे तिकीट आहे, शेतात लाल टेलिफोनची पेटी उभी केली आहे, आणि तिच्यापाशी फोटोसाठी रांग. आपल्याकडच्या साड्याही बऱ्याच दिसतात. एकदा पाहावे, पण गर्दीच्या दिवशी नको.

आता घरच्या बागेविषयी. भाचीने पहिल्या वर्षी आणलेले रोप मेले होते. आपली सवय अशी की रोप म्हटले की सकाळ-संध्याकाळ पाणी. आजींनी कुंपणावरून पाहिले व तिला बोलावून घेतले. त्यांनी शिकविले ते असे. लॅव्हेंडरला दिवसातून सहा तास तरी ऊन पाहिजे. माती जड असेल तर बारीक खडी मिसळायची. खत घालायचे नाही; खताने पाने माजतात, फूल व वास कमी होतो. लावल्यावर पहिला उन्हाळा जपून पाणी, नंतर जवळजवळ विसरून जायचे. तिकडे बर्फ पडते, त्याला हे झाड भीत नाही. हिवाळ्यात मुळाशी साचणाऱ्या ओलीने मरते. आणि मुख्य म्हणजे छाटणी. फुले संपली की ऑगस्ट अखेर हिरव्या फांदीत कात्री चालवायची, झुडूप गोल ठेवायचे. पण खालच्या उघड्या, लाकूड झालेल्या भागात कापायचे नाही. तिथून ते पुन्हा फुटत नाही. छाटणीला दया दाखविणाऱ्याचे झाड चार वर्षांत वेडेवाकडे होते, असे आजींचे मत. त्यांच्या हातातली कात्री पाहिल्यावर आम्ही वाद घातला नाही.

छाट कलमाची रीतही सोपी. फूल न आलेली बाजूची कोवळी फांदी चार बोटे लांबीची घ्यायची, खालची पाने काढायची, निम्मी वाळू असलेल्या मातीत कुंडीच्या कडेकडेने खोचायची व सावलीत ठेवायची. चार ते सहा आठवड्यांत मुळे धरतात. बी पेरून करू नये. उगवण मंद आणि आईसारखे पोर होईलच असे नाही. कणसे वाळवायची तर अर्धी फुले उमलली असतानाच सकाळी दव सुकल्यावर कापायची, जुडी बांधून अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटी टांगायची. दोन-तीन आठवड्यांत खडखडीत होतात. दाणे सोडवून सुती कापडाच्या पिशवीत भरून कपड्यांत ठेवायचे. वास कमी झाला की पिशवी हातात चोळायची, पुन्हा येतो. सौभाग्यवतींनी आजींकडून अशी सहा पिशव्यांपुरती फुले घेतली. रोप मात्र आणता आले नाही. त्याला वनस्पती-आरोग्याचा दाखला व परवाना लागतो, उगाच सामानात दडवून आणू नये.

आपल्याकडे हे झाड लावावे का, असे घरी आल्यापासून अनेकांनी विचारले. मुंबई-कोकणच्या पावसात इंग्लिश लॅव्हेंडर टिकणे कठीण. घाटमाथ्याच्या पलीकडे, कोरड्या हवेत, पाऊस न लागणाऱ्या खिडकीत, तळाला मोठे भोक असलेल्या मातीच्या कुंडीत प्रयत्न करून पाहावा. दातेरी पानांची जात आपल्याकडे त्यातल्या त्यात तग धरते. परंतु पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट ही की लॅव्हेंडरचे सख्खे भाऊ आपल्या सह्याद्रीत व दख्खनच्या माळावर आपोआप उगवतात. पावसाळा संपताना डोंगरउतारावर बारीक चिरलेल्या पानांचे व वर निळसर जांभळ्या फुलांच्या दांड्यांचे रोपटे दिसले तर थांबून पाहावे. उपटू नये, त्यातील एक जात पश्चिम घाट सोडून जगात कोठेही नाही.

परत भाचीच्या गल्लीकडे येतो. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना कौन्सिलची घरे विकत घेता आली, व तेव्हापासून वस्तीतील पुष्कळ घरे खासगी झाली. मालकांनी बऱ्याच ठिकाणी पुढची बाग काढून मोटारीसाठी फरशी घातली आहे. आम्ही एका रस्त्यावर मोजले. २० घरांपैकी ११ घरांपुढे फरशी. मोटार ही त्या लोकांचीही गरज आहे, कामाच्या वेळा अडनिड्या असतात, हे आम्हाला दिसते. पण पाणी मुरायला जागा राहिली नाही आणि भुंग्यांनाही. आजींच्या माघारी त्यांच्या दाराचे काय होईल, हे त्यांनाही सांगता येत नाही.

भाचीच्या घरमालकाने मातीत काही लावायचे नाही अशी अट करारात घातलेली आहे. म्हणून तिने आजींकडच्या १२ फांद्या कुंडीत खोचल्या होत्या; आम्ही निघालो तेव्हा त्यातल्या ७ लागल्या होत्या. दोन तिच्या वॉर्डातल्या केरळच्या मैत्रिणीला द्यायच्या होत्या, एक आजींनाच, त्यांचे कोपऱ्यातले झाड म्हातारे झाले म्हणून. उरलेल्या चार कुंड्या तिने मागच्या दाराशी उन्हात मांडून ठेवल्या आहेत. "मामी, घर बदलावं लागलं तर उचलून नेता येतील," ती म्हणाली, आणि कोणती कुंडी किती जड होते ते एकेक उचलून पाहू लागली.